हूल

डोळेबाईंना माणसं आवडत नसत आणि त्या ते लपवतही नसत. एकतीस वर्षं जनावरांच्या डोळ्यांत आणि तेवढीच वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघून त्यांचं ठाम मत झालं होतं की डोळे ही चीज मुळात जनावरांसाठी घडवली गेली, माणसांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. पशुवैद्यकीय कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे जिना संपतो आणि फिनेलचा वास सुरू होतो, तिथे त्यांचा नेत्रविभाग होता. एक तपासणीची खोली, एक ऑपरेशन थिएटर आणि दोन्हींच्या मध्ये खिडक्यांना काळा रंग फासलेली एक अंधारी खोली. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण त्या नावाने त्यांना फक्त हजेरीपट ओळखायचा. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या लेखी त्या डोळेबाई. हे नाव पाठीमागे घ्यायचं असतं, एवढी अक्कल त्या इमारतीतही शिल्लक होती.

दरवर्षी साठ मुलं त्यांच्या हाताखालून जायची. त्यातल्या चाळिसांना माणसांचं डॉक्टर व्हायचं होतं आणि मार्क कमी पडले म्हणून ती इथे आली होती. उरलेल्या विसांना कुत्र्याची पिल्लं फार आवडायची. डोळेबाईंच्या मते हा दुसरा प्रकार जास्त घातक. पहिल्याला निदान आपण हरलोय हे ठाऊक असतं.

सहकाऱ्यांचं तर बोलायलाच नको. विभागप्रमुख त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मेंढ्यांच्या पोटातले जंत मोजण्यात घालवली होती आणि मोजता मोजता एक दिवस ते वर जाऊन बसले. कानामागून आले आणि तिखट झाले. मुलं त्यांना जंतसाहेब म्हणत. जंतसाहेबांना डोळ्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण नवं यंत्र आलं की त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. डोळ्याच्या मागच्या पडद्यात जीव आहे की नाही, हे विजेच्या लहरींवरून सांगणारं एक यंत्र असंच आलं, त्याचाही फोटो झाला, आणि ते साहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात जाऊन बसलं. तपासणी समिती आली की दाखवायला बरं. डोळेबाईंनी ते कधी मागितलं नाही. किल्ली मागायची म्हणजे दहा मिनिटं जंतसाहेबांचं बोलणं ऐकायचं. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की ज्याला डोळ्यांतलं कळत नाही त्याला यंत्र लागतं.

पण या सगळ्यांवरचा राग एका पारड्यात आणि दादावरचा एका. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ, माणसांच्या डोळ्यांचा नावाजलेला डॉक्टर. महिन्यातून एकदा तो बहिणीला जेवायला बोलवायचा आणि भाजीपेक्षा टोमणेच जास्त वाढायचा. "आमचा पेशंट पट्टी काढली की म्हणतो, डॉक्टर, दिसतंय! तुमचा काय म्हणतो गं? भो?" यावर वहिनी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. डोळेबाई मान खाली घालून घास गिळायच्या. बाहेर ज्यांच्या जिभेला लोक टरकून असत, त्या बाईंना भावापुढे उत्तर सुचत नसे. एकतीस वर्षांत तो एकदाही बहिणीचं ऑपरेशन बघायला आला नव्हता, आणि तिनेही कधी ये म्हटलं नव्हतं. तो येणार नाही, हे ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती.

आता त्या कॉलेजमधली एक गोष्ट सांगायला हवी. जनावराला दिसतंय का, हे त्याला विचारता येत नाही. मग त्याच्या डोळ्यासमोर अचानक हात न्यायचा, मारायला उगारल्यासारखा. दिसत असेल तर ते डोळा मिटतं. पुस्तकात याला लांबलचक नाव आहे, डोळेबाईंच्या विभागात याला हूल म्हणत. हूल देणं हा पोरखेळ वाटतो, आणि पोरं फसतात तीही इथेच. बोटं जुळवून झपकन पंजा नेला की हाताबरोबर वारा जातो. तो बुबुळाला लागतो, भुवईच्या केसांना लागतो, आणि ठार आंधळं कुत्रंही डोळा मिटतं. मग पोरगं खूश होऊन वहीत लिहितं, दृष्टी उत्तम. तोंडी परीक्षेत डोळेबाई याच्यावरच टपून बसलेल्या असायच्या. "हूल द्या म्हटलं होतं, वारा घाला नव्हे," असं म्हणून त्यांनी किती जणांना पुन्हा परीक्षेला बसवलं, त्याची गणती नाही. एक मुलगा तर बाहेर जाऊन जिन्यात रडत बसला होता. त्याला ओलांडून त्या खाली चहाला गेल्या. बोटं फाकवायची, हात बेताने न्यायचा, आणि खात्रीच हवी असेल तर मध्ये काच धरायची, काचेतून वारा जात नाही. यात न कळण्यासारखं आहे काय, असं त्यांना खरोखरच वाटे.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक सलून होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, दारात एक बाकडं. त्या बाकड्याखाली अकरा वर्षांपूर्वी एक तांबूस पिल्लू येऊन बसलं ते कायमचंच. केस कापून घेत नाही पण रोज हजर असतो, म्हणून सलूनवाल्या काकांनी त्याचं नाव गिऱ्हाईक ठेवलं. त्याच्या भुवया एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारख्या लांब वाढलेल्या होत्या आणि काकांनी त्या कधी कापल्या नव्हत्या. दोन महिन्यांपूर्वी काका त्याला घेऊन जिना चढून आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून खडूसारखा पांढरा झाला होता.

"मॅडम, याचं असं झालं," काकांनी सुरुवात केली, "साधारण दोन वर्षांपूर्वी..."

"मोतीबिंदू आहे. काढू," डोळेबाई म्हणाल्या. मालक हा रोगनिदानातला सगळ्यात मोठा अडथळा असतो, असं त्या वर्गात सांगत, आणि मुलं ते वहीत उतरवून घेत.

त्यांनी दिव्याचा झोत डोळ्यावर टाकला. बाहुली आकसली. त्यांच्या लेखी तपासणी संपली. बाजूला त्यांच्या हाताखालची प्राध्यापिका उभी होती. वय चौतीस, टोपणनाव होमॅडम, कारण दिवसभरात तिच्या तोंडून तेच दोन शब्द ऐकू यायचे. सहा वर्षांपूर्वी रुजू झाली तेव्हा फार चुणचुणीत होती, एकसारखी शंका विचारायची. मॅडमच्या हाताखाली ती पुष्कळ शिकली. आधी शंका विचारायच्या नाहीत हे शिकली, मग बाकीचं. त्या दिवशी मात्र तिला काय अवदसा आठवली कोण जाणे. "मॅडम, मोतीबिंदू एवढा दाट आहे, मागचा पडदा तर दिसतच नाहीये. साहेबांकडचं यंत्र एकदा..."

डोळेबाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"हो मॅडम," ती म्हणाली.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन अप्रतिम झालं, हे शत्रूलाही मान्य करावं लागेल. त्या बाईंची जीभ कशीही असो, हात देवाघरचा होता. सूक्ष्मदर्शकाखाली पिकलेलं भिंग त्यांनी असं फोडून, शोषून बाहेर काढलं की आतल्या पातळ पिशवीला ओरखडा नाही. भुलेतून बाहेर यायला मात्र गिऱ्हाइकाला चार तास लागले. म्हातारं हृदय मध्येच एकदा अडखळलंही, पण सांभाळलं. पट्टी काढली तेव्हा पांढरा खडू गेला होता आणि त्याजागी काळीभोर, स्वच्छ बाहुली होती. आठवडाभर डोळा लाल आणि धूसर राहिला. बाराव्या दिवशी जंतसाहेब फोटोग्राफरला घेऊन आले. डोळेबाईंनी कॅमेऱ्यासमोर हूल दिली, गिऱ्हाइकाने डोळा मिटला, जंतसाहेबांनी टाळी वाजवली. "दिसतंय ना आता छान?" डोळेबाईंनी काकांना विचारलं, म्हणजे सांगितलं. "छान दिसतंय," काका म्हणाले. मग ती चित्रफीत सगळ्या गावभर फिरली. पुढच्या तपासण्या डोळेबाईंनी होमॅडमवर सोपवल्या. जिंकलेल्या लढाईत झाडू कोण मारत बसणार?

महिन्याभरात डोळेबाई निवृत्त व्हायच्या होत्या. जंतसाहेबांनी ठरवलं की त्याआधी मोठी परिषद भरवायची, आणि तिच्यात बाईंनी गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं, ते सभागृहातल्या पडद्यावर सगळ्यांनी बघायचं. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनी परस्पर दादाला आमंत्रण दिलं आणि दादाने ते स्वीकारलं. हे कळलं तेव्हा डोळेबाईंनी जंतसाहेबांना आगाऊपणाबद्दल दोन शब्द सुनावले. मग अंधाऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि एकट्याच हसत बसल्या. त्यांना आनंद झाला होता, शाळेतल्या मुलीला होतो तसा उघडाउघड आनंद. दादा येणार होता. चाळीस मिनिटं त्याला तोंड मिटून बहिणीचे हात बघावे लागणार होते.

परिषदेच्या दिवशी सकाळी साडेआठला काका गिऱ्हाइकाला घेऊन आले. कुत्रा त्यांच्या पोटरीला नाक लावून चालत होता. डोळेबाईंना वाटलं, भ्यालाय. त्यांनी त्याला टेबलावर बसवलं आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यासमोर हात नेला. डोळा मिटला. पुन्हा नेला, पुन्हा मिटला.

काका वाकून बघत होते. "मॅडम, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा."

"तुम्ही हात नेता ना, तेव्हा याच्या भुवईचे केस हलतात. चाळीस वर्षं केसांतच गेली, त्यामुळे माझी नजर तिकडेच जाते. दुकानातला टेबलफॅन फिरत फिरत याच्याकडे आला, की हा अस्साच डोळा मिटतो."

"तुम्ही केस कापा," डोळेबाई म्हणाल्या. "डोळ्यांचं मी बघते."

हे तोंडून गेलं आणि त्यांची नजर स्वतःच्या हातावर पडली. पंजा अजून हवेत होता, बोटं एकमेकांना घट्ट जुळलेली. त्यांना त्या हाताची लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर भयंकर राग आला, आधी काकांचा, मग पंख्याचा, मग जगातल्या सगळ्या सलूनांचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यांनी टेबलावर वेळापत्रकावर ठेवलेली काच ओढली, तशी खालची कागदपत्रं फरशीवर पसरली. काच गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे धरून त्यांनी हूल दिली. काही नाही. जोरात दिली, काचेवर बोटं आपटतील इतक्या जोरात. गिऱ्हाईक काचेपलीकडे शांत बसून होता, पापणीसुद्धा न हलवता.

अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांनी डोळ्याच्या आत बघितलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बघितलं. भिंगाची वाट इतकी स्वच्छ होती की मागचा पडदा लख्ख दिसत होता. तो कल्हई केलेल्या भांड्यासारखा चकाकत होता, आणि ज्या रक्तवाहिन्या त्यावर ठसठशीत दिसायला हव्यात त्या सुकून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. मेलेला पडदा. काल-परवा मेलेला नव्हे, केव्हाचाच; असा पडदा गेल्यावरही बाहुली तेवढी उजेडाला आकसत राहते. मोतीबिंदू काढा नाहीतर ठेवा, या डोळ्याला काहीही दिसणार नव्हतं.

बाहेर येऊन त्या स्टुलावर बसल्या. "याला दिसत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पट्टी काढली त्याच दिवशी," काका म्हणाले.

"मग मी विचारलं तेव्हा छान दिसतंय का म्हणालात?"

"विचारलंत कुठे मॅडम, तुम्ही सांगितलंत." काका संकोचून हसले. "आमच्याकडे रोजचंच आहे हे. कितीही वेडेवाकडे कापले गेले तरी माणूस आरशात बघतो आणि छान म्हणतो. ज्याच्या हातात कात्री आहे त्याला कोण दुखवणार? आणि तुम्ही एवढी मेहनत घेतली होतीत."

भावाने आयुष्यभर केलेली थट्टा डोळेबाईंना जेवढी झोंबली नसेल तेवढी ही दया झोंबली.

"त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात. दोन वर्षांपूर्वी काय झालं?"

"तेच की. संध्याकाळ झाली की हा बाकड्याखालून हलायचा नाही. दिवसा अगदी ठीक, अंधार पडायला लागला की धडकायचा. डोळ्यांत पांढरं नंतर आलं."

आधी रातांधळेपणा, नंतर मोतीबिंदू, म्हणजे दोष पडद्यात आणि दोन्ही डोळ्यांत. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला हे आलं नसतं तर डोळेबाईंनी त्याला वर्गातून हाकलला असता. त्यांना हे कळायला एक वाक्य पुरं ऐकून घ्यावं लागलं असतं, इतकंच.

फाइल समोरच होती. होमॅडमच्या नोंदी त्या कधी वाचत नसत. त्यांच्या मते तिचं अक्षरही तिच्यासारखंच, दबकत चालणारं. आता त्यांनी पानं उलटली. अठरा दिवसांपूर्वीची नोंद होती. *पडद्याला अतिरिक्त चकाकी. रक्तवाहिन्या क्षीण. दृष्टी नसावी. मॅडमना दाखवणे.* शेवटचे दोन शब्द तिने नंतर खोडून टाकले होते.

तेवढ्यात नवा कोट घालून जंतसाहेब आत आले. "मॅडम, तयारी झाली ना? सभागृह भरत आलंय. तुमचे बंधूराज आलेत, पहिल्या रांगेत बसवलंय."

डोळेबाईंनी त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं. जंतसाहेबांचा चेहरा पडला, पण मुरलेला माणूस, लगेच सावरला. "हे झालं त्या डोळ्याचं. पण या दुसऱ्याचा पडदा तर मोतीबिंदूने झाकलेला आहे. तो मेलाय हे तुम्ही कशावरून म्हणता?"

आयुष्यात प्रथमच जंतसाहेब डोळ्यांविषयी बरोबर बोलले होते, आणि तेही नेमकं चुकीच्या कामासाठी. "यंत्र लावू," डोळेबाई म्हणाल्या. "किल्ली द्या." किल्ली आली, कपाट उघडलं, यंत्र निघालं. त्याच्या तारांचं खोकं मात्र कधी आलंच नव्हतं. चार वर्षं समित्या येऊन नुसत्या पेटीचं कौतुक करून गेल्या होत्या.

"हे बघा मॅडम," जंतसाहेबांनी आवाज खाली आणला, "ऑपरेशन तुमच्या हातून उत्तमच होणार. लोकांना ऑपरेशन बघायचंय. पुढे दिसलं की नाही, हे कुत्रा थोडाच सांगायला येणार आहे? करून टाका."

या माणसाचा तिरस्कार करायला एवढं चांगलं निमित्त पुन्हा मिळालं नसतं. पण डोळेबाईंना करता येईना, कारण हाच विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता, साहेब जिना चढून येण्याच्या आधी. चाळीस मिनिटं. दादा पहिल्या रांगेत. कोणाला कळणार होतं? होमॅडम बोलणार नाही, काका छानच म्हणतील. राहता राहिलं ते अकरा वर्षांचं हृदय. मागच्या वेळी अडखळून चाललं, या वेळी नाही चाललं तर म्हातारा होता म्हणता येईल. हे सगळं त्यांच्या मनाने किती झटपट जुळवलं, हे बघून त्यांना स्वतःचीच किळस आली.

काका संमतीच्या कागदावर न वाचताच सही करत होते.

"काका, याचा दुसरा डोळा करून काही उपयोग नाही. भुलेत हा जाऊही शकतो. कळतंय ना?"

काकांनी गिऱ्हाइकाच्या पाठीवरून हात फिरवला.  "मोठमोठी माणसं आलीत म्हणे तुमच्यासाठी," ते म्हणाले. "तुम्हाला हवं असेल तर करा मॅडम. माझ्यामुळे तुमचा कार्यक्रम मोडायला नको."

डोळेबाईंनी कागद त्यांच्या हातातून घेतला, फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "चला," त्या म्हणाल्या, "याला घेऊन या माझ्याबरोबर." वेळापत्रकाची काच त्यांनी काखेत मारली.

सभागृहात दोनशे माणसं होती. दादा पहिल्या रांगेत मधोमध, शेजारी वहिनी, मांडीवर पुष्पगुच्छ. डोळेबाई ऑपरेशनच्या कपड्यांत न येता घरच्याच कपड्यांत व्यासपीठावर आल्या, तेव्हा थोडी कुजबुज झाली. काकांनी गिऱ्हाइकाला टेबलावर बसवलं. कॅमेरा जवळ आला आणि पडद्यावर कुत्र्याचा डोळा खिडकीएवढा होऊन उभा राहिला. डोळेबाईंनी बोटं जुळवून पंजा झपकन नेला. तो प्रचंड डोळा मिटला. टाळ्या पडल्या. दादाने पुष्पगुच्छ वहिनीकडे दिला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. डोळेबाईंनी त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या, एकही घाईने जाऊ दिली नाही.

मग त्यांनी काच धरली आणि पुन्हा हात नेला. डोळा उघडाच राहिला. आणखी एकदा, आणखी एकदा. माहीत असलेल्यांना कळलं आणि ते गप्प झाले. माहीत नसलेले त्यांच्याकडे बघून गप्प झाले.

"हा कुत्रा आंधळा आहे," डोळेबाई म्हणाल्या. "चित्रफितीत होता तेव्हाही आंधळाच होता. मी वारा घातला आणि तुम्हाला हूल दिली. याचा पडदा ऑपरेशनच्या आधीच मेलेला होता. मी तपासला नाही, यांना विचारलं नाही, माझ्याच विभागाची फाइल वाचली नाही. आज ऑपरेशन होणार नाही."

दादाने हात मांडीवर ठेवले होते. तो हसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायचं धाडस डोळेबाईंना झालं नाही. जंतसाहेब माइक घेऊन उठले. "मित्रहो, हा जो मॅडमचा प्रांजळपणा आहे, हीच आपल्या संस्थेची..."

"बसा सर," डोळेबाई म्हणाल्या, आणि ते बसले.

"हे माझ्या आधी एकीला दिसलं होतं," त्या पुढे म्हणाल्या आणि त्यांनी होमॅडमला वर बोलावलं. ती आली, ओढणी सावरत, शिक्षेला बोलावल्यासारखी. डोळेबाईंनी फाइल उघडून तिच्या हातात दिली. "वाच."

होमॅडमने स्वतःचं अक्षर बघितलं आणि ती पांढरीफटक पडली. "मॅडम, तेव्हा... तेव्हा उजेड नीट नव्हता. माझ्याच बघण्यात चूक झाली असेल."

"चूक नाही. तुझं बरोबर होतं. मी सांगतेय ना!"

"हो मॅडम."

सभागृहात हशा पिकला. डोळेबाई हसल्या नाहीत. इतकी वर्षं हे दोन शब्द ऐकून त्यांना बरं वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा ते कानांत खडे गेल्यासारखे वाटले. त्यांनी टेबलावरचा तपासणीचा दिवा उचलून तिच्या हातात दिला.

"मी सांगतेय म्हणून नको," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी जमेल तितका मऊ केला. सवय नव्हती, तो चिरका निघाला. "ते लिहिलेलं विसर. आत्ता, इथे, तू स्वतः बघ. घाई नाही. आणि तुला काय दिसतं ते सगळ्यांना सांग."

होमॅडम वाकली. काकांनी गिऱ्हाइकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ती बराच वेळ आत बघत राहिली, शिकवल्याप्रमाणे, मधून कडेपर्यंत, एकही कोपरा न सोडता. तिच्या दिव्याची तार कॅमेऱ्याला जोडलेली होती. मागे पडद्यावर तो मेलेला पडदा भिंतीएवढा चकाकत होता आणि दोनशे माणसांना सुकलेल्या रक्तवाहिन्या मोजता येत होत्या.

ती सरळ उभी राहिली. दिवा विझवला. मग डोळेबाईंच्या चेहऱ्याकडे बघून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं, "मॅडम, काय सांगू?"